तीन रकान्यांचा तक्ता आणि कोरूपची वेल

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास असतो. त्याला तीन रकाने असतात : वनस्पतीचे नाव, उपयोगी भाग आणि कोणत्या रोगावर. तुळस, अडुळसा, गुळवेल, कोरफड अशी यादी खाली उतरत जाते आणि शेवटी एखादी दूरदेशीची वनस्पती येते. तिच्यापुढे तिसऱ्या रकान्यात 'कर्करोग' किंवा 'एड्स' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. वाशी-नेरूळपासून खारघर-पनवेलपर्यंतच्या शाळांतून हा तक्ता आम्ही अनेकदा पाहिला आहे. मुले तो मनापासून तयार करतात, पाने वाळवून चिकटवतात, अक्षर सुवाच्य काढतात. आमची तक्रार मुलांविषयी नाही. तक्ता तयार करण्याची ही रीत मुलांनी आपल्याकडून, म्हणजे शिक्षकांकडून, पाठ्येतर पुस्तकांकडून आणि वृत्तपत्रांतील 'जंगलात दडलेले औषध' छापाच्या लेखांकडून उचलली आहे. त्या रीतीचे परीक्षण येथे करायचे आहे.

परीक्षणासाठी आम्ही एक खरीखुरी वेल निवडली आहे. ती आफ्रिकेतील कॅमेरून देशाच्या वर्षावनात वाढते. १९९० च्या दशकात 'एड्सवर औषध देणारी वेल' म्हणून तिचा बराच बोलबाला झाला होता. तिची एक सख्खी बहीण आपल्या सह्याद्रीत आहे, आणि त्या बहिणीच्या रसायनाचा पहिला उलगडा मुंबईतच झाला. तीन रकान्यांत ही कथा बसवली तर काय उरते आणि काय गळते, ते पाहू.

पडद्यावरची कथा

त्याआधी याच कथेचे चित्रपटातील रूप आठवावे. १९९२ साली 'मेडिसिन मॅन' नावाचा इंग्रजी चित्रपट आला. शॉन कॉनरी यांनी त्यात ॲमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या शास्त्रज्ञाचे काम केले होते. या शास्त्रज्ञाला कर्करोगावर रामबाण द्रव्य सापडते, पण पुन्हा बनवायला जावे तर ते जमत नाही. इकडे रस्ता बांधणारी यंत्रे जंगल तोडत पुढे सरकत असतात. शेवटी कळते की गुण फुलात नव्हताच, तो मुंग्यांत होता.

चित्रपटाला न्याय द्यायचा तर दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. एकदा मिळालेला निष्कर्ष पुन्हा मिळाला पाहिजे, ही विज्ञानाची पहिली अट त्यात आहे. नमुना नेमका कशाचा, हा प्रश्नही त्यात आहे. परंतु उरलेला सर्व भाग तीन रकान्यांच्या तक्त्याचाच आहे. द्रव्य सापडले म्हणजे औषध सापडले, असे तो गृहीत धरतो. किती मात्रा, कोणता अपाय, किती रोग्यांवर चाचणी, माल कोठून आणायचा, यांपैकी काहीच तेथे नाही. प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडतो तो 'जंगलात सर्व रोगांवर उपाय आहेत, फक्त शोधायला हवेत' असा समज घेऊन. ज्या सुमारास हा चित्रपट पडद्यावर होता, त्याच सुमारास कॅमेरूनच्या वेलीवर खरे काम चालू होते. ते या समजापेक्षा पुष्कळ वेगळे होते.

कोरूपची वेल

कॅमेरूनच्या नैऋत्य कोपऱ्यात, नायजेरियाच्या सीमेला लागून, कोरूप राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या दक्षिण भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंबोली किंवा महाबळेश्वरचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याची कल्पना येईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८६ पासून उष्ण कटिबंधातील वनस्पती गोळा करण्याची मोठी योजना हाती घेतली होती. त्या योजनेखाली मिसुरी वनस्पती उद्यानाचे डंकन थॉमस यांनी १९८७ मध्ये कोरूपमधून एका वेलीची पाने पाठवली.

ही वेल अँसिस्ट्रोक्लॅडस या प्रजातीची. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'आकड्याची फांदी' असा होतो. फांद्यांची टोके गळाप्रमाणे वळतात आणि त्या आकड्यांनी शेजारच्या झाडांना धरून ती वर चढते. या कुलात एवढी एकच प्रजाती आहे. तिच्या सुमारे वीस जाती आफ्रिका, भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया एवढ्या पट्ट्यात विखुरलेल्या आहेत.

पानांचा अर्क प्रयोगशाळेत तपासला गेला. तपासणीची पद्धत समजायला सोपी आहे. मानवी रक्तपेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या खळग्यांत वाढवायच्या, त्यांत एच.आय.व्ही. विषाणू सोडायचा आणि काही खळग्यांत वनस्पतीचा अर्क टाकायचा. अर्क नसलेल्या खळग्यांतल्या पेशी विषाणूमुळे मरतात. अर्क असलेल्या खळग्यांतल्या पेशी जगल्या, तर अर्कात काहीतरी आहे असे समजायचे. जिवंत पेशी एक विशिष्ट रंग तयार करतात, म्हणून किती पेशी जगल्या हे रंगाच्या गडदपणावरून मोजता येते. कोरूपच्या अर्काने पेशी वाचवल्या. पुढे त्यातून शुद्ध संयुग वेगळे केले गेले, त्याला मिशेलामीन-बी हे नाव मिळाले आणि १९९१ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. हे संयुग विषाणूला निदान दोन ठिकाणी अडवते, असेही नंतर दिसले. विषाणूच्या जनुकीय आराखड्याची नक्कल करणाऱ्या विकराला ते रोखते आणि बाधित पेशींचे इतर पेशींशी होणारे मीलनही रोखते.

तीन रकान्यांचा तक्ता येथे पूर्ण होतो. नाव : अँसिस्ट्रोक्लॅडस. उपयोगी भाग : पाने. रोग : एड्स. खरी कथा मात्र येथे सुरू होते.

पहिला गळलेला रकाना : ओळख

पाठवलेली वेल अँसिस्ट्रोक्लॅडस ॲब्रिव्हिएटस या आधीपासून ठाऊक असलेल्या जातीची आहे, असे प्रथम मानले गेले होते. अधिक पाने हवीत म्हणून त्या जातीच्या वेली इतरत्र शोधल्या, तर त्यांच्यात मिशेलामीन-बी मिळेना. वनस्पतीची बारकाईने फेरतपासणी झाली. कोरूपची वेल विज्ञानाला अपरिचित अशी स्वतंत्र जातच निघाली. १९९३ मध्ये तिचे अँसिस्ट्रोक्लॅडस कोरूपेन्सिस असे नामकरण झाले. याच वर्गातील संयुगे मध्य आफ्रिकेतील आणखी काही जातींत पुढे सापडली, पण त्या घडीला सारा शोध एका राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील एका वेलीवर अवलंबून होता.

वर्गीकरणशास्त्र हा विषय मुलांना रुक्ष वाटतो. पानाची शिर, फुलाची पाकळी, फळाचे पंख मोजत बसण्याचा उपयोग काय, असे ती विचारतात. त्यांना ही घटना अवश्य सांगावी. दोन वेली एकमेकींसारख्या दिसतात, पण एकीत द्रव्य आहे आणि दुसरीत नाही.

दुसरा रकाना : रेणू

मिशेलामीन-बीचा रेणू मोठा आहे. त्यात ४६ कार्बन, ४८ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि ८ ऑक्सिजन अणू आहेत. रेणूभार सुमारे ७५७. नॅफ्थलीन आणि आयसोक्विनोलीन अशी दोन सपाट वलयव्यूहांची जोडी एकेरी बंधाने जोडलेली, आणि अशा दोन जोड्या पुन्हा एकमेकींना जोडलेल्या, अशी त्याची रचना आहे.

एकेरी बंधाभोवती अणूंचे गट मोकळेपणाने फिरतात, असे आपण अकरावीत शिकवतो. येथे तसे होत नाही. बंधाच्या दोन्ही बाजूंना असलेले अणुगट इतके दाटीत असतात की फिरताना ते एकमेकांना अडतात. सकाळच्या लोकल गाडीत एका अंगाने उभ्या राहिलेल्या माणसाला ठाण्यापर्यंत तसेच उभे राहावे लागते, वळता येत नाही, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे अणू तेच, बंध तेच, पण वळण वेगळे, असे निरनिराळे रेणू संभवतात. मिशेलामीनच्या ए, बी, सी या प्रकारांत फरक आहे तो अशा वळणाचाच. विषाणूवर कोणता रेणू किती प्रभावी, हे या वळणावरही अवलंबून असते. म्हणून 'वेलीत अमुक द्रव्य आहे' एवढे म्हणून भागत नाही, त्याचे कोणते रूप आहे हेही सांगावे लागते.

तिसरा रकाना : पुरवठा

प्राण्यांवरील चाचण्यांना मिलिग्रॅममध्ये माल पुरत नाही. वेल दुर्मिळ आणि ती राष्ट्रीय उद्यानात. चढणाऱ्या वेलीची पाने शेंड्याशी असतात, ती मिळवायची तर वेल तोडावी लागणार. सुदैवाने असे आढळले की जमिनीवर गळून पडलेल्या पानांतही मिशेलामीन-बी असते. तेव्हा पडलेली पाने वेचून काम भागवण्यात आले आणि उद्यानाजवळ वेलीच्या लागवडीचे प्रयोगही झाले. १९९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत या रेणूचे संश्लेषणही करून दाखवले. पाने वेचणे ही साधी बाब वाटेल, पण एका वेलीचे जगणे त्यावर अवलंबून होते. आपल्याकडे दुसऱ्या एका वनस्पतीच्या बाबतीत असे घडले नाही. ते पुढे येईलच.

चौथा रकाना : मात्रा आणि अपाय

येथे थोडे गणित करू. समजा, खळग्यातील पेशी वाचवायला द्रावणाच्या लिटरमागे १० मायक्रोमोल एवढे संयुग लागते. रेणूभार ७५७ धरला तर हे लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम झाले. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ४० लिटर पाणी असते. त्या सगळ्यात तेवढीच तीव्रता हवी असेल तर ४० गुणिले साडेसात, म्हणजे ३०० मिलिग्रॅम संयुग शरीरात सतत राहिले पाहिजे. यकृत आणि मूत्रपिंडे ते सारखी बाहेर काढत असतात, म्हणून ते सारखे भरावेही लागेल. हा हिशेब ढोबळ आहे, कारण औषध शरीरात सर्वत्र सारखे पसरत नसते. पण खळग्यात जे थेंबाने साधते, ते देहात साधायला किती यातायात पडते, हे त्यावरून दहावीच्या मुलालाही समजेल.

मिशेलामीन-बी कुत्र्यांना शिरेवाटे सतत देऊन पाहण्यात आले. विषाणूला रोखायला रक्तात जेवढी तीव्रता हवी होती, तेवढी गाठायला लागणारी मात्रा मज्जासंस्थेला अपाय करणाऱ्या मात्रेच्या अगदी जवळ होती. उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांच्यात पुरेसे अंतर उरत नव्हते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हे काम पुढे नेणे थांबवले. मिशेलामीन-बी रोग्यांपर्यंत पोचले नाही.

तक्त्यातील तिसऱ्या रकान्यात मात्र 'एड्स' हा शब्द तसाच राहिला. हा आमच्या टीकेचा मुख्य मुद्दा आहे. पहिल्या पायरीवरचे यश कायम छापले जाते, चौथ्या पायरीवरची थांबणूक कोणी छापत नाही. खळग्यातील पेशी वाचणे ही बातमी होते. औषध न होणे ही बातमी होत नाही. त्यामुळे 'औषधी गुण आढळले' या वाक्याचा अर्थ 'औषध आहे' असा होऊन बसतो.

सह्याद्रीतील बहीण आणि एक शेजारी

आता घराकडे वळू. १८३९ साली मुंबईत जॉन ग्रॅहॅम यांची मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची छापली गेली. त्या सूचीत नोंदलेल्या दोन वनस्पती आपल्या विषयाच्या आहेत. एक, अँसिस्ट्रोक्लॅडस हेनिएनस. ही कोरूपच्या वेलीची भारतीय बहीण. ती पश्चिम घाटाबाहेर कोठे आढळत नाही. दुसरी, नरक्या. पाने चुरगाळली की उग्र दर्प येतो म्हणून तिला घाणेरा असेही म्हणतात. तिच्या शास्त्रीय नावातला 'निम्मोनियाना' हा भाग त्याच सूचीतून आलेला आहे.

१९६३ मध्ये मुंबईत गोरेगावला सिबा संशोधन केंद्र सुरू झाले. वनस्पतिजन्य संयुगांचे जाणकार टी. आर. गोविंदाचारी तेथे संचालक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास सह्याद्रीतील वेलीपासून अँसिस्ट्रोक्लॅडीन हे अल्कलॉइड वेगळे करून त्याची रचना उलगडली. नॅफ्थलीन आणि आयसोक्विनोलीन जोडलेल्या या नव्या वर्गाचा शोध जगाला प्रथम लागला तो येथून. मिशेलामीन-बीचा आराखडा वीस वर्षांनी ज्या ओळखीच्या आधारे वाचता आला, ती ओळख गोरेगावात झाली होती. कोरूपची गोष्ट सांगताना हा भाग आपल्याच पुस्तकांतून सहसा गळतो.

त्याच केंद्रातून १९७२ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला. नरक्यात कॅम्प्टोथेसिन भरपूर असते. हे संयुग १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून मिळवले होते. यांतील वाणी यांचा जन्म नंदुरबारचा. कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या पेशी मारते, पण माणसांवरील पहिल्या चाचण्यांत मूत्राशयाला गंभीर इजा झाल्याने १९७० च्या दशकात ते बाजूला ठेवावे लागले. म्हणजे तेही मिशेलामीनसारखे अडले होते. १९८५ मध्ये ते पेशीतील नेमक्या कोणत्या विकराला पकडते हे कळले. मग रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही दोन औषधे तयार झाली आणि १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. शोधापासून औषधापर्यंत तीस वर्षे लागली.

या यशाची किंमत सह्याद्रीने चुकवली. कॅम्प्टोथेसिनला जगभर मागणी आली आणि नरक्याची झाडे तोडून, तुकडे करून पोत्यांनी बाहेर जाऊ लागली. कोल्हापूर, सातारा, कोकणच्या जंगलांत नरक्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. आज नरक्याची गणना धोक्यातील वनस्पतींत होते. कोरूपमध्ये पडलेली पाने वेचली गेली, येथे उभे झाड गेले. 'उपयोगी भाग : खोड, साल' असे आपण तक्त्यात सहज लिहितो. खोड आणि साल काढल्यावर झाडाचे काय होते, हा रकाना तक्त्यात नाही.

खारघरची पहिली पायरी

ही पहिली पायरी दूरदेशी नाही, नवी मुंबईतच आहे. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेचे काम २००२ मध्ये खारघरला हलले. टाटा स्मारक केंद्राची ही संस्था आता ॲक्ट्रेक या नावाने ओळखली जाते. तेथे कर्करोगविरोधी द्रव्यांची प्राथमिक तपासणी करण्याची सोय आहे. ठिकठिकाणचे संशोधक आपापली संयुगे आणि अर्क तेथे पाठवतात. मानवी कर्कपेशी खळग्यांत वाढवून त्यांवर निरनिराळ्या तीव्रतेचे द्रावण टाकतात आणि उरलेल्या पेशींतील प्रथिनाला चिकटणाऱ्या गुलाबी रंगावरून वाढ किती रोखली गेली ते मोजतात. सोबत आधीच सिद्ध झालेले एखादे औषध तुलनेसाठी ठेवलेले असते. ही तुलना फार महत्त्वाची. मिठाचे तीव्र द्रावण किंवा कपडे धुण्याचे विरंजक टाकले तरी खळग्यातल्या कर्कपेशी मरतील. ते कर्करोगाचे औषध आहे असे कोणी म्हणत नाही.

अशा चाळणीतून किती गळते, याचा एक हिशेब उपलब्ध आहे. १९६० ते १९८२ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सुमारे ३५,००० वनस्पतींचे १,१४,००० अर्क तपासले. त्यातून रोग्यांपर्यंत पोचलेली ठळक नावे दोनच : टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिनपासून बनलेली औषधे. हा आकडा प्रत्येक 'आशादायक' बातमीशेजारी ठेवून पाहावा.

मग वनस्पतींचा अभ्यास सोडायचा का ?

असा अर्थ कोणी काढू नये. सर्पगंधेपासून मिळालेल्या रेसर्पिनने १९५० च्या दशकात रक्तदाबाच्या उपचाराला वळण दिले. चिनी दवण्यापासून मिळालेल्या आर्टेमिसिनीनने मलेरियाचे लाखो रोगी वाचवले आणि त्याबद्दल तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अँसिस्ट्रोक्लॅडसचे दप्तरही बंद झालेले नाही. या वर्गातील काही संयुगे मलेरियाच्या परजीवींवर प्रभावी ठरली आहेत. काँगोतील वेलींपासून मिळालेली काही संयुगे अन्न तुटलेल्या अवस्थेतील स्वादुपिंडाच्या कर्कपेशी मारतात, असे अलीकडच्या वर्षांत दिसले आहे. पण हे सर्व पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचे आहे. या वर्गातील एकही संयुग आजवर औषध म्हणून मान्य झालेले नाही. दोन्ही वाक्ये एकत्र सांगितली तरच ती खरी होतात.

एड्सचे पुढे काय झाले, तेही मुलांना सांगावे. १९८७ मध्ये मान्यता मिळालेले पहिले औषध झिडोव्ह्यूडिन हे प्रयोगशाळेत बनवलेले संयुग होते. १९९६ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला आणि रोग आटोक्यात राहू लागला. पण त्याचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हाच उपचार गरीब देशांसाठी दिवसाला एक डॉलरहून कमी दरात, वर्षाला ३५० डॉलरांत, देऊ केला. त्यानंतर आफ्रिकेतील रोग्यांना औषध परवडू लागले. कॅमेरूनच्या जंगलातून मुंबईकडे औषध येईल अशी आशा होती. प्रत्यक्षात ते मुंबईकडून आफ्रिकेकडे गेले.

दरम्यान, 'वनौषधीने एड्स बरा' अशा जाहिरातींना भुलून चालू उपचार सोडणारे रोगीही झाले. चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. तरी अशा जाहिरातींवर विश्वास ठेवणारे मन कोठे तयार होते, याचा विचार शिक्षकांनी केला पाहिजे. त्याची एक सुरुवात तीन रकान्यांच्या तक्त्यापाशी आहे, असे आम्हाला वाटते.

तक्ता दुरुस्त कसा करावा ?

तक्ता काढून टाकू नये, रुंद करावा. प्रत्येक वनस्पतीपुढे आणखी चार रकाने आखावेत. पहिला, ओळख कशावरून पटवली : कोणी ओळखली, फूल-फळ पाहिले का, सारखी दिसणारी दुसरी जात कोणती. दुसरा, पुरावा कोणत्या पायरीवरचा : परंपरेने सांगितलेला, खळग्यातील पेशींवरचा, प्राण्यांवरचा की रोग्यांवरचा. तिसरा, मात्रा आणि अपाय. चौथा, तो भाग काढल्यावर झाड जगते का.

उदाहरण म्हणून कळलावी घ्या. पावसाळ्यात कोकणच्या कुंपणांवर आणि डोंगरउतारांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ही वेल आफ्रिकेतही रानोमाळ वाढते आणि झिंबाब्वेचे ती राष्ट्रीय फूल आहे. तीन रकान्यांच्या तक्त्यात तिच्यापुढे 'कंद : प्रसूती, संधिवात' असे लिहून मोकळे होतात. अपायाचा रकाना आखला की लिहावे लागते : कंदात कोल्चिसिन असते, ते गाऊट या सांधेदुखीवर अत्यल्प, मोजक्या मात्रेत वैद्यकीय देखरेखीखाली दिले जाते, आणि कंद खाल्ल्यास माणूस दगावू शकतो. शाळेच्या औषधी बागेत कळलावी लावायची तर ही पाटी तिच्याशेजारी असलीच पाहिजे.

काही रकाने रिकामे राहतील. राहू द्यावेत. 'माहिती मिळाली नाही' असे मुलाने प्रामाणिकपणे लिहिले तर त्याला गुण द्यावेत, कापू नयेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोकांच्या माहितीची नोंदवही तयार करायची असते. शाळांचे असे रुंद तक्ते त्या कामालाही उपयोगी पडतील, आणि नरक्याच्या वाट्याला आले ते दुसऱ्या एखाद्या झाडाच्या वाट्याला येण्यापूर्वी आपल्याला त्याची खबर असेल.

येत्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात एखाद्या शाळेने सात रकान्यांचा तक्ता लावावा. वनस्पती दहाच घ्याव्यात, पन्नास नकोत. पाहायला येणारे पालक पहिला प्रश्न विचारतील : इतके रकाने रिकामे का ? त्याचे उत्तर देण्याची तयारी मुलांकडून करून घेणे, हे त्या प्रदर्शनातले खरे काम ठरेल.